अनोळखी चाकाच्या मागे : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की गोव्यात पहाटेचे सायकलस्वार वाढतात आणि माझ्याकडे तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. म्हणून ही उत्तरं.

प्रश्न : मिरामारच्या फुटपाथवर चालणारे लोक बाजूला होत नाहीत. घंटी किती वेळा वाजवावी? (पणजी)

उत्तर : एकदाही नाही. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे. सायकल रस्त्यावर घ्या, नाहीतर उतरून हातात धरून चाला.

प्रश्न : चोडणच्या फेरीबोटीत माझ्या सायकलीवरून लोक चिडतात. (रायबंदर)

उत्तर : आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. धक्क्याचा उतार ओला, निसरडा असतो, तिथे सायकलवर बसू नका. बोटीत चेनची बाजू स्वतःकडे ठेवा. उभं कुठे राहायचं ते बोटीवरच्या कर्मचाऱ्यालाच विचारा.

प्रश्न : दुकानदार विजेवरचा मोठा हॉर्न घ्या म्हणतो. लोक दुरूनच सरकतात म्हणे. (म्हापसा)

उत्तर : विकणारा तसंच सांगणार. पाठीमागून अचानक मोठा आवाज आला की माणूस दचकतो आणि कित्येकदा तुमच्याच वाटेत येतो. साधी घंटी पुरे, ती दहा-पंधरा मीटर अलीकडूनच वाजवा. हॉर्नचे पैसे वाचवून चांगल्या मेकॅनिककडून ब्रेक तपासून घ्या.

प्रश्न : पाटो-रायबंदर कॉजवेवर कुणी वेगात जाताना दिसला की मी त्याच्या मागे चिकटतो. वारा लागत नाही आणि त्याचंही काही बिघडत नाही. यात चूक काय? (फोंडा)

उत्तर : चूक आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच सवयीची वाटते. पुढच्याच्या आडोशाने श्रम बरेच वाचतात, हे खरं. तुमच्यामुळे त्याला जास्त जोर लावावा लागत नाही, हेही खरं. पण ‘त्याचं काय बिघडतं’ हे व्हॉट्सॲपवरचं शहाणपण तिथेच ठेवा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तुम्ही सेकंदाला जवळजवळ सात मीटर जाता. त्याच्या चाकापासून अर्ध्या मीटरवर असाल आणि त्याने एकदम ब्रेक दाबला, तर तुमची बोटं ब्रेकवर पोचायच्या आत धडक झालेली असते. गटात हे जमतं, कारण पुढचा माणूस खड्डा हाताने दाखवतो, थांबण्याआधी ओरडतो. अनोळखी माणसाला तुम्ही मागे आहात हेच ठाऊक नसतं. तो खड्डा चुकवायला एकदम वळणार, पाणी प्यायला पेडल थांबवणार. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं, तर बहुतेक वेळा पडता तुम्ही, कारण तोल सावरायचं हँडल तुमचंच अडकलेलं असतं. कॉजवे सतराव्या शतकातला, अरुंद. एका बाजूला नदी, दुसरीकडे मिठागरं, मागून बस. तिथे बाजूला पडायलाही जागा नाही. मिरामारला आयर्नमॅनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी) शर्यतीत तर पुढच्याच्या आडोशाला राहणं नियमबाह्यच असतं, आणि तिथे उतरणारे महिनोन्‌महिने सराव केलेले असतात.

मागे राहायचंच असेल तर शेजारी या, नमस्कार करा, विचारा. तो नको म्हणाला की भरपूर मागे राहा किंवा उजवीकडून मोकळं अंतर ठेवून पुढे निघून जा. पुढे बाई असेल आणि रस्ता सुनसान असेल, तर विचारूही नका, अंतर वाढवा. अंधारात पाठीशी अनोळखी माणसाची चेन वाजत राहणं ही तिच्यासाठी भीती असते, तुमचा हेतू कितीही साधा असो. गटात चालवायला शिकायचं तर जवळच्या सायकल क्लबमधल्या अनुभवी माणसाकडे जा.

प्रश्न : कोलव्याच्या रस्त्यावर एकजण वारंवार माझ्या मागे येत राहतो. मी वेग वाढवला की तोही वाढवतो. (मडगाव)

उत्तर : त्याच्याशी वेगाने स्पर्धा करू नका. हळू होऊन त्याला पुढे जाऊ द्या. गेला नाही, तर चहाच्या गाड्यापाशी किंवा माणसं असतील तिथे थांबा आणि ११२ वर फोन करा. थेट घरी जाऊ नका. हे एकदा नव्हे, वारंवार होतंय असं तुम्ही लिहिता, मग अजून वाट कसली पाहता? घरच्या कुणाला सोबत घेऊन पोलिस ठाण्यात सांगा.

प्रश्न : पंधरा दिवसांपूर्वी पुढच्याच्या चाकाला चाक लागून हातावर पडलो. एक्स-रेत काही निघालं नाही, म्हणून मालिश चालू आहे. अंगठ्याच्या मुळाशी अजून दुखतं. (डिचोली)

उत्तर : मालिश आजच थांबवा. तिथे स्कॅफॉइड नावाचं लहान हाड असतं. त्याचा तडा पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, आणि हाडाला रक्तपुरवठा कमी असल्याने उशीर झाला तर ते न जुळण्याचा धोका वाढतो. पत्रावरून मी निदान करणार नाही. उद्याच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, पडल्याची तारीख सांगा. त्या वेळी हेल्मेट आपटलं असेल तर तेही त्यांना सांगा आणि नवं हेल्मेट घ्या, आतला फोम एकच जोराचा धक्का झेलण्यासाठी असतो.