पेढे वाटून झाल्यावर

"मॅडम, पेढे वाटून झाले होते हो."

गेल्या काही महिन्यांत समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता पुढचं न सांगताच कळतं. ऑफर लेटर आलेलं, जुनी नोकरी सोडलेली, आणि रुजू व्हायच्या तोंडावर मेल येतो: ऑफर मागे घेत आहोत. पगार बुडाला याहीपेक्षा पेढे वाटले याचंच दुःख मुलांना जास्त असतं. त्यातल्याच एकाची ही हकीकत, नाव आणि तपशील बदलून.

निखिल नाशिकजवळच्या ओझरचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. चाकणच्या कंपनीची ऑफर आली, याने राजीनामा दिला आणि आठ दिवस उरलेले असताना तो मेल. घरी सांगायची हिंमत झाली नाही. 'नोटीस पिरियड वाढवलाय' अशी थाप मारून रोज डबा घेऊन निघायचा आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचा. १८४० सालच्या त्या वाचनालयाने नाशिकच्या कित्येक पिढ्यांना वाचायला लावलं, पण हा तीन आठवड्यांत एकही पुस्तक उघडू शकला नव्हता.

"त्यांनी मला नालायक ठरवलं," तो म्हणाला.

"असं लिहिलंय मेलमध्ये?"

"तसंच काहीतरी. मी एकदाच वाचला."

"मग आज मोठ्याने वाचून दाखव."

त्याला राग आला. मी थांबले. शेवटी त्याने मोबाइल काढला आणि वाचायला लागला. प्रकल्प पुढे ढकलल्यामुळे हे पद सध्या भरणार नाही, अशा चार ओळी. वाचून झाल्यावर तो स्क्रीनकडे बघत राहिला. बराच वेळ. मग हळूच म्हणाला, "मॅडम, वरती 'डिअर निखिल' आहे. खाली मी कुठेच नाही."

मी एक शब्दही सुचवला नव्हता, हे आवर्जून सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारांवर माझा पिंड पोसला गेलाय. घटना वेगळी आणि त्या घटनेवरून आपण स्वतःबद्दल दिलेला निकाल वेगळा, हे मी रोज सांगते. पण सांगितलेलं उतरत नाही. माणसाने आपला निकाल स्वतःच तपासायला घेतला की उतरतं.

जोशात येऊन मी पुढे म्हटलं, "व्यापारी सौदा करून माल उचलायला येत नाही, तेव्हा वडील बागेला नावं ठेवतात का?" तो लगेच म्हणाला, "नाही. पण द्राक्षं दुसऱ्या व्यापाऱ्याला जातात. माझा राजीनामा तर मंजूर झालाय." बरोबर होतं त्याचं. नुकसान खरं होतं आणि त्याचं वाईट वाटायलाच हवं. 'जे होतं ते चांगल्यासाठी' असं मी अशा वेळी कधीच म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. वाईट वाटलेला माणूस दुसऱ्या दिवशी फोन लावतो. लाज वाटणारा लपतो.

म्हणून फोन. आधी जुन्या साहेबांना. "नाक घासायचं?" त्याने विचारलं. विचारणं आणि नाक घासणं यात फरक आहे. पद रिकामं असेल तर कंपनीलाही नवा माणूस शोधण्यापेक्षा ओळखीचा बरा असतो. मग ज्यांना मुलाखतीला नकार कळवला होता, त्यांना. ऑफर लेटर, आपण दिलेला होकार, राजीनामा आणि माघारीचा मेल असे सगळे कागद एकत्र ठेवायचे. नोकरी द्यायला कोर्ट सहसा भाग पाडत नाही, मात्र होकार कळवून झाला असेल तर १८७२च्या करार कायद्याखाली भरपाईचा मुद्दा निघू शकतो. ऑफरमधल्या अटी वकिलाला दाखवूनच काय ते ठरवावं. आणि यापुढे नेमणुकीचं पत्र हातात येईपर्यंत, अटी पूर्ण होईपर्यंत राजीनाम्याची घाई नको. पेढ्यांचीही.

जुनी जागा भरली गेली होती. साहेबांनी सिन्नरच्या एका कारखान्यात त्याचं नाव सुचवलं. पुढे तिथे जमलंही. पण माझ्या लेखी मोठा फोन तो नव्हताच. वडिलांना सांगणं बाकी होतं.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काहीच नाही. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, इतके दिवस डबा कुठं खात होतास?"

"मग?"

"म्हटलं, गोदाघाटावर. तर म्हणाले, उन्हात?"