हैतीमध्ये टोळ्या सरकारपेक्षा वरचढ कशा झाल्या?

टोळ्या राजकारण्यांनीच पोसल्या, आणि सरकार खिळखिळं झाल्यावर त्यांना धन्याची गरज उरली नाही. मतदान फिरवायला, मोर्चे मोडायला, बंदरावरचा माल राखायला नेते आणि बडे व्यापारी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या वस्त्यांतल्या पोरांना पैसा आणि बंदुका पुरवत आले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात तर नावंच दिली आहेत. (बंदुका तिथे बनत नाहीत, बऱ्याचशा अमेरिकेतल्या फ्लोरिडातून येतात.) लष्कर १९९५ मध्येच बरखास्त झालेलं, पोलीस तोकडे. ७ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची घरात घुसून हत्या झाली. निवडणुका टळत गेल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये उरल्यासुरल्या १० सिनेटरांचीही मुदत संपली, म्हणजे राष्ट्रीय पातळीवर निवडून आलेला एकही माणूस पदावर राहिला नाही. मार्च २०२४ मध्ये टोळ्यांनी एकजुटीने तुरुंग फोडले, विमानतळ बंद पाडला. केनियाला गेलेले पंतप्रधान एरियल हेन्री परतूच शकले नाहीत, बाहेरूनच पायउतार झाले. टोळ्यांच्या त्या युतीचा म्होरक्या जिमी शेरिझिए ऊर्फ 'बार्बेक्यू' हा माजी पोलीस आहे, यातच काय ते समजा.

एक मात्र आहे. फ्रान्सने १८२५ मध्ये आपल्या या जुन्या वसाहतीवर स्वातंत्र्याची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक लादले (नंतर ९ कोटी केले), त्यातून देश पिढ्यान्‌पिढ्या कर्जात रुतला. गरिबीचं मूळ तिथे सापडतं, आजच्या टोळ्यांचं नाही.