‘देवाला गाऱ्हाणे घालणे’ : तक्रार, प्रार्थना की भरवसा?

वेंगुर्ल्याकडच्या एका वाचक भगिनींनी पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायाच्या, स्मरणिकेसाठी त्यांनी आपल्या दिवंगत आजीविषयी लेख लिहिला आणि त्यात आजीच्या तोंडचे नेहमीचे वाक्य, ‘देवाक गाऱ्हाणा घाल आणि निज’, जसेच्या तसे दिले. संपादन करणाऱ्यांनी त्याचे ‘देवाकडे तक्रार कर आणि झोप’ असे प्रमाण मराठी रूप केले. ते वाचून एका धर्मभगिनींनी (ननने), देवावर भरवसा असलेला माणूस तक्रार कशी करील, अशी शंका काढून ‘प्रार्थना कर’ असा बदल सुचवला. गाऱ्हाणे हा देवळातला शब्द असल्याने ख्रिस्ती लेखनात नसलेला बरा, असेही कोणी म्हणाले. यांतले बरोबर काय, आणि आजीचा देवावर इतका भाव होता तर तिने गाऱ्हाणे हाच शब्द का वापरावा, अशी त्यांची पृच्छा आहे.

माझ्या मते ‘तक्रार कर’ हा बदल चुकीचा आहे, ‘प्रार्थना कर’ हा बरोबर पण फिका आहे, आणि मूळ वाक्य ठेवणे सर्वांत चांगले. मालवणी रूप नकोच असेल, तर ‘देवाला गाऱ्हाणे घाल आणि झोप’ असे लिहावे.

‘गाऱ्हाणे’ हा शब्द संस्कृत ‘गर्हणा’, म्हणजे निंदा किंवा दोष देणे, यावरून आला आहे. ‘गर्हणीय’ हा शब्द त्याच घराण्यातला. मराठीत येईपर्यंत त्यातील निंदेची धार बरीच बोथट झाली आणि आपल्यावर आलेला प्रसंग वडीलधाऱ्यापुढे किंवा अधिकाऱ्यापुढे सांगणे, असा अर्थ पुढे आला. प्रमाण मराठीत गाऱ्हाणे सांगतात, मांडतात, क्वचित करतात. दक्षिण कोकणात मात्र ते ‘घालतात’, आणि या प्रश्नाची किल्ली मला या क्रियापदात दिसते. साद घालणे, साकडे घालणे, गळ घालणे, कोडे घालणे हे प्रयोग पाहिले तर लक्षात येते की समोर कोणीतरी आहे, त्याने ऐकले आहे आणि आता प्रतिसाद देण्याची पाळी त्याची आहे, हे या सर्वांत गृहीत धरलेले असते. रिकाम्या खोलीत साद घालता येत नाही. म्हणून ‘गाऱ्हाणे मांडणे’ यात भर मांडणाऱ्याच्या दुःखावर राहतो, तर ‘गाऱ्हाणे घालणे’ यात तो ऐकणाऱ्याकडे सरकतो. विभक्तीही तेच सांगते: गाऱ्हाणे देवाविषयी किंवा देवाविरुद्ध नसते, ते देवाला असते.

सिंधुदुर्गातील गावऱ्हाटी, म्हणजे गावदेवाभोवतीची रीतिरिवाजांची व्यवस्था, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. जत्रा असो, शिमगा असो किंवा एखाद्या घरचे कार्य असो, गुरव किंवा मानकरी देवापुढे उभा राहून ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक देतो, जमलेली मंडळी कोण आणि का आली आहेत ते सांगतो, काही चुकले असल्यास क्षमा मागतो, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांपासून गोठ्यातल्या गुरांपर्यंत सर्वांची राखण कर म्हणून विनवतो, आणि प्रत्येक टप्प्याला सर्व जण ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. या संपूर्ण विधीत निंदेचा किंवा तक्रारीचा लवलेश नाही. हाक, कबुली, विनवणी आणि सामुदायिक होकार एवढेच त्यात आहे, आणि मिस्सेतल्या, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीतल्या, श्रद्धावंतांच्या प्रार्थना ज्यांना पाठ आहेत त्यांना ही घडण अनोळखी वाटू नये. तेथेही एक जण आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, मृतांसाठी मागणे मागतो आणि सारा समुदाय एका ठरलेल्या वाक्याने त्यात सामील होतो. ‘आमेन’ या हिब्रू शब्दाचे कामही ‘व्हय म्हाराजा’हून फार वेगळे नाही. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ पक्के असणे, विसंबण्याजोगे असणे असा आहे, आणि विश्वासासाठीचा हिब्रू शब्दही त्याच धातूचा. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रांत, येशू बोलण्याच्या आरंभीच ‘आमेन’ म्हणतो. तेथे प्रचलित मराठी भाषांतराने ‘खचीत’ हा शब्द योजला आहे, आणि तो मला फार नेमका वाटतो.

आता ‘तक्रार’. हा शब्द अरबी; मुळात त्याचा अर्थ पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा म्हणणे. तेथून तो वादाकडे आणि मग कचेरीकडे आला. आज तक्रार नोंदवतात, तिला क्रमांक मिळतो, पोचपावती मिळते, आणि जिच्याविरुद्ध ती आहे अशी एक बाजू असते. आजीच्या वाक्याला ‘तक्रार’ लावल्याबरोबर देव एकतर कारकून होतो किंवा आरोपी. संपादकांना यांपैकी काहीच अभिप्रेत नसणार. त्यांनी शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला, इतकेच.

धर्मभगिनींची शंका मात्र अधिक खोल आहे, आणि तिला उत्तर द्यायचे तर बायबलकडेच जावे लागेल. तेथे देवापुढे केलेल्या दुःखकथनाला बंदी आहे काय? १५० स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापांचाच आहे. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे. त्याची सुरुवात ‘कोठवर’ या प्रश्नाने होते आणि पहिल्या दोन वचनांत तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, आणि तोच स्तोत्रकर्ता पाचव्या वचनात देवाच्या दयेवर आपण विसंबलो असल्याचे सांगतो. मधल्या काळात त्याची परिस्थिती पालटल्याचे स्तोत्रात कोठेही म्हटलेले नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, सर्वदा प्रार्थना करावी व खचून जाऊ नये हे शिकवण्यासाठी येशूने जो दाखला दिला तो तर सरळ सरळ दाद मागणाऱ्या विधवेचा आहे. ती बेपर्वा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते आणि अखेर तो कंटाळून तिचा न्याय करतो. (तक्रारीचा मूळ अरबी अर्थ त्या बाईला चपखल बसतो, हा भाग वेगळा.)

बायबल ज्याला दोष देते त्याला मराठी भाषांतरात वेगळा शब्द आहे: कुरकुर. मिसर (इजिप्त) देशातून निघालेले इस्राएल लोक अरण्यात कुरकुर करतात, आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सर्व काही कुरकुर न करता करण्यास सांगतो. कुरकुर आणि गाऱ्हाणे यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. कुरकुर आपापसांत होते, ज्याच्याविषयी आहे त्याच्या पाठीमागे होते, आणि तिला उत्तराची अपेक्षा नसते. अरण्यातली ती माणसे आपले पुढारी मोशे आणि अहरोन यांच्या नावाने बोटे मोडत राहिली. मोशेने मात्र आपले ओझे नेऊन परमेश्वरापुढेच टाकले, आणि गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातील त्याचे बोलणे इतके कडवट आहे की, असेच वागवणार असशील तर मला मारून टाक, असेही तो म्हणतो. तरीही त्याला तेथे दंड होत नाही, सत्तर वडील मदतीला मिळतात. ‘कुरकुर घालणे’ असा प्रयोग मराठीत होऊ शकत नाही, हे व्याकरणाने या भेदाला दिलेले अनुमोदनच म्हणायला हवे.

भरवशाच्या शब्दांविषयीही थोडे सांगणे भाग आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये ‘विश्वास’, ‘भाव’ आणि ‘भरवसा’ हे तिन्ही शब्द येतात. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वरावर मनापासून ‘भाव’ ठेवायला सांगितले आहे, तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाची व्याख्याच ‘भरवसा’ या शब्दाने केली आहे. भाव म्हटल्यावर शहरी वाचकाला सुरमईचा भाव आधी आठवतो, त्यामुळे नव्या लेखनात हा शब्द मागे पडत चालला आहे. मला त्याची हळहळ वाटते, कारण ‘भाविक’ शब्द ठेवून ‘भाव’ टाकून देणे हे काही शहाणपणाचे नव्हे. वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी या पट्ट्यातील अनेक ख्रिस्ती घरांत कोकणीचाही वावर असतो, आणि कोकणी ख्रिस्ती परंपरेत श्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतात, जो शब्द मराठी वाचक कवितेच्या रसग्रहणापुरता ओळखतो. प्रार्थनेला त्याच परंपरेत ‘मागणें’ म्हणतात. म्हणजे आजीच्या भाषिक जगात मागणे ही प्रार्थनेची हलकी प्रत नव्हती, तेच तिचे नाव होते. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळ, झाल्यावर घरातली एकेक अडचण नावानिशी देवाच्या कानावर घालणे यात तिला अविश्वास दिसण्याचे कारण नव्हते.

देवळातला शब्द म्हणून तो टाळावा, हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात ओवी हा छंद घेतला आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंगाची वाट ख्रिस्ती उपासनेत आणली. ‘देव’, ‘कृपा’, ‘भक्ती’ हे शब्द तरी कोणाच्या एकट्याच्या मालकीचे आहेत? मात्र गाऱ्हाण्याच्या शेजारचे दोन शब्द त्याच्यासोबत आत घेऊ नयेत. ‘कौल लावणे’ यात देवाकडून होय किंवा नाही असा निकाल काढून घ्यायचा असतो, आणि ‘नवस’ यात अमुक झाले तर तमुक देईन अशी अट असते. कोकणातील ख्रिस्ती भाविकही नवस बोलतात, गोव्याकडे त्याला ‘आंगवण’ म्हणतात, हे खरे. परंतु गाऱ्हाण्यात अट नसते, म्हणूनच ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या वाक्याशेजारी ते बसू शकते आणि नवस तितका सहज बसत नाही. गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना पाहावी: हा प्याला माझ्यापासून टळो, हे मागणे तेथे स्पष्ट शब्दांत केले आहे, आणि माझ्या इच्छेप्रमाणे नको, हेही.

राहिला आजीच्या वाक्याचा उत्तरार्ध, ज्याकडे तिन्ही पक्षांचे दुर्लक्ष झालेले दिसते. चर्चा सगळी ‘गाऱ्हाणे’ या शब्दावर झाली, पण भरवसा त्या शब्दात शोधायचाच नव्हता. तो ‘आणि निज’ यात आहे. चौथ्या स्तोत्राचा कर्ता शेवटी हेच म्हणतो की मी निर्धास्त आडवा होतो आणि झोपी जातो, कारण राखणारा तू आहेस. कॅथलिक परंपरेत हे स्तोत्र रात्रीच्या प्रार्थनेत म्हटले जाते, ते त्यामुळेच. मार्कच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा प्रसंग किनाऱ्यावरच्या माणसाला अधिक जवळचा वाटेल. मचवा पाण्याने भरू लागला आहे, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपला आहे, आणि शिष्य त्याला उठवून विचारतात की आपण बुडतो आहोत याची तुम्हाला काळजी नाही काय. हे गाऱ्हाणेच आहे, आणि तेही बोचरे. मार्कच्या निवेदनात तो आधी वारा शांत करतो आणि मग त्यांना विश्वास कसा नाही असे विचारतो. मत्तयाने हा क्रम उलटा दिला आहे. मला असे वाटते की तो ठपका त्यांनी उठवल्याबद्दल नसून घाबरल्याबद्दल आहे. उठवल्यावर तो उठला, हे दोघेही सांगतात. त्या मचव्यात भरवशाने झोपलेला मात्र एकटा तोच होता. आजीच्या वाक्यात ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय म्हणून फार मोलाचे ठरते. ‘घालून निज’ म्हटले असते तर पहिली क्रिया उरकून टाकायची ठरली असती. ‘आणि’मुळे दोन्ही आज्ञा सारख्याच वजनाच्या राहतात. यासाठी संपादकांनी वाक्याचे दोन तुकडे करू नयेत, मध्ये पूर्णविरामही घालू नये.

लेखनाविषयी दोन गोष्टी. शब्द ‘गाऱ्हाणे’ असा, ‘ऱ्ह’ने लिहावा, ‘गार्हाणे’ असे रफार देऊन लिहिणे चूक. अनेकवचन ‘गाऱ्हाणी’, सामान्यरूप ‘गाऱ्हाण्या-’, जसे ‘गाऱ्हाण्याला’, ‘गाऱ्हाण्यात’. मालवणीतील ‘गाऱ्हाणा’ हे रूप अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवावे. स्मरणिका कोकणाबाहेर जाणार असेल आणि ‘घालणे’ हा प्रयोग वाचकाला अडेल अशी भीती असेल, तर तळटीप न देता पुढच्याच वाक्यात ‘देवापुढे मन मोकळे करणे’ असा उल्लेख सहज येऊ द्यावा. ‘विनवणी कर’ हाही पर्याय चालेल.