‘डेब्ट’मधला बी आणि आपले ‘लागतो’

प्रश्न असा आला आहे : “आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गुंतवणुकीवर व्याख्यान झाले. वक्ते तासभर ‘डेब्ट फंड, डेब्ट फंड’ म्हणत होते. मागच्या रांगेतून एकाने ‘डेट’ अशी दुरुस्ती केली, तर वक्ते म्हणाले, ‘आजोबा, स्पेलिंग बघा.’ बरोबर कोण? आणि बी उच्चारायचाच नसेल तर तो लिहितात कशाला?”

आजोबा बरोबर. डेट, म्हणजे कर्ज. बी लिहायचा, बोलायचा नाही.

आणि वक्त्यांचे एकट्याचेच असे आहे असे नाही. मला दिवसाआड फोन येतो, “सर, इक्विटी थोडी कमी करून डेब्टमध्ये टाकू या का?” पैसे कुठे टाकायचे ते पुढचे पुढे, आधी तो बी काढ बाबा, असे म्हणावेसे वाटते. एक मात्र त्यांच्या बाजूने मान्य करतो. मराठीच्या देवनागरीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे दाखवता येत नाहीत, त्यामुळे तारखेची डेट आणि कर्जाची डेट आपल्या कानाला एकच. तो घोळ टाळायला कुणी तो बी ठासून म्हणत असेल तर निदान कारण तरी आहे. ‘स्पेलिंग बघा’ हे कारण नव्हे.

आता कशाला लिहितात ते. यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘पूर्वी उच्चारत असत, पुढे झिजला’. साफ चूक. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्यातला के खरोखर उच्चारला जायचा. ‘लॅम’ म्हणजे कोकरू, त्यातला बीही एके काळी जिवंत होता. पण कर्जातला बी इंग्रजांच्या तोंडात कधी नव्हताच. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतले, पुढे कित्येक पिढ्या दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये चालली, आणि तिथून ‘देत्त’ हा शब्द इंग्रजीत आला. लॅटिनमधल्या ‘देबितुम’चा बी फ्रेंचांनी आधीच गिळलेला होता. इंग्रज ‘देत्त’ म्हणत आणि ‘देत्त’च लिहीत. सगळे सुरळीत चालले होते.

मग पंडित आले. पंधराव्या-सोळाव्या शतकात लॅटिनची मोहिनी अशी पडली की आपली भाषा गावंढळ वाटू लागली. शब्दाचे कुळ अंगावर दिसले पाहिजे म्हणून त्यांनी कर्जात बी घातला, ‘डाउट’मध्ये बी घातला, ‘रिसीट’मध्ये पी घातला. मराठीत सांगायचे तर, ‘हात’ हा ‘हस्त’पासून आला म्हणून उद्यापासून ‘हास्त’ लिहा आणि ‘हात’ वाचा, ‘सात’च्या जागी ‘साप्त’ लिहा, असे कुणी फर्मान काढावे तसे. हेच खूळ फ्रेंचांच्याही डोक्यात शिरले होते, तेही काही काळ बी लिहीत होते. पण त्यांनी तो नंतर काढून टाकला. इंग्रजांनी ठेवला.

म्हणून ‘डेबिट कार्ड’मधला बी म्हणायचा आणि ‘डेट फंड’मधला नाही. दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरे. डेबिट हा तत्सम. डेट हा तद्भव, पण तत्समाचा अंगरखा घालून बसलेला. मराठी माणसाला हे दोन शब्द वापरले की प्रकरण अर्ध्या मिनिटात कळते.

व्याख्यात्यांना एक जुना जोडीदार आहे हेही सांगून टाकतो. शेक्सपिअरच्या १५९८ साली छापलेल्या एका विनोदी नाटकात होलोफर्नीस नावाचा मास्तर आहे. लोक ‘डेट’ म्हणतात म्हणून त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. डी-ई-बी-टी म्हटले पाहिजे, डी-ई-टी नव्हे, असे तो अक्षरे सुटी करकरून सांगतो. प्रेक्षकांनी त्या मास्तराला हसावे म्हणून तो प्रवेश लिहिलेला आहे. तेव्हाही बी म्हणणारा माणूस हा विनोदाचाच विषय होता.

दुसरी एक आवडती दंतकथा : छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांनी ओळ भरून काढायला जास्तीची अक्षरे कोंबली. चांगले चांगले लोक हे छातीठोकपणे सांगतात. ओळ भरायला अक्षर हवे असेल तर हाताला येईल ते घालतील ना? कर्जात नेमका बी आणि रिसीटमध्ये नेमका पी, म्हणजे लॅटिनमध्ये होता तोच, हा योगायोग रोज कसा घडतो? ओळ लांबवायला एखादा ई शेपटाला लावत असतील, ते वेगळे. छपाईवर ठपका ठेवायचाच तर गोठवण्याचा ठेवा. १४७६ साली इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत स्पेलिंग थिजत गेले आणि उच्चार मात्र पुढे धावत राहिले. पंडितांची चूक त्यात कायमची छापली गेली.

आणि पंडितांना धड एकसारखेही वागता आले नाही. ‘रिसीट’ला पी दिला, त्याच घरातल्या ‘डिसीट’ला, म्हणजे फसवणुकीला, दिला नाही. इंग्रज कोशकार जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत नेमकी हीच जोडी देऊन कबूल केले की बहुसंख्य लिहितात तसे मीही लिहितो, एकसूत्रीपणाचा बळी देतो. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजाचा. तो शब्द अस्सल जुना इंग्रजी, लॅटिनच्या ‘इन्सुला’शी त्याचे काही नाते नाही. बेटालाच दुसरा शब्द ‘आइल’, त्याच्याशी सारखा दिसतो म्हणून एस घुसवला. १८२८ च्या कोशात अमेरिकी कोशकार वेबस्टर त्यावर तडकून लिहितो की ही विक्षिप्त जोड फक्त पुस्तकात सापडते. त्याचे ‘कलर’ आणि ‘सेंटर’चे स्पेलिंग अमेरिकेने उचलले, आयलंडचे कुणी उचलले नाही.

हसू नका. ‘सहस्र’मध्ये त घालून ‘सहस्त्र’ आणि ‘स्रोत’चे ‘स्त्रोत’ करणारे आपणच आहोत, तेही बहुधा जास्त संस्कृत दिसावे म्हणून. शिवाय १९६२ पर्यंत आपणही ‘नांव’, ‘पांच’ असे न उच्चारलेले अनुस्वार पूर्वजांच्या टोप्यांसारखे मिरवत होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते उतरवले. इतकाच फरक की आमचा अनुस्वार कधीकाळी खरोखर नाकातून निघत होता. कोकणीत अजूनही ‘नांव’ म्हणताना तो ऐकू येतो.

आता खरी गंमत, ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले. आमच्या गावच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या काळची एक चिठ्ठी आहे. कुण्या कुळाने लिहून दिलेली : “रुपये चाळीस देणे लागतो, ते सुगीस फेडीन.” खाली जांभळ्या शाईत ठसा आणि शेजारी ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’. या ‘लागतो’कडे बघा. “मी चाळीस रुपये देणे लागतो” यात तो कर्ज सांगतो. “मला जावे लागते” यात तोच सक्ती सांगतो. पैसा देणे आणि भाग पडणे, दोन्हीला आपण एकच क्रियापद वापरतो.

देत्त येण्याआधी इंग्रजांनीही अगदी हेच केले होते. कर्जाला त्यांचा शब्द होता ‘श्युल्ड’, त्यात कर्जही आले आणि अपराधही. जर्मनमध्ये तो ‘शुल्ट’ म्हणून दोन्ही अर्थांनी अजून नांदतो. त्याच मुळातले क्रियापद म्हणजे आजचे ‘शॅल’, आणि त्याचा जुना अर्थ ‘मी देणे लागतो’! ‘शुड’ हे त्याचे भूतकाळी रूप. ‘ऑट’ हेही ‘ओ’ म्हणजे देणे असणे, याचे जुने भूतकाळी रूप. शाळेत ‘शुड’ आणि ‘ऑट’ शिकवताना गुरुजींनी एकदा ‘लागतो’ची आठवण करून दिली असती तर निम्मा तास वाचला असता. लॅटिन ‘देबेरे’चेही तसेच, त्यातूनच ‘ड्यू’ आणि ‘ड्यूटी’ निघाले. कर्तव्य म्हणजे मुळात थकबाकी, असे माझे जुने मत आहे आणि त्यावर मी घरात बरीच बोलणी खाल्ली आहेत.

जाता जाता : ‘शुड’मधला एल पूर्वी उच्चारात होता, ‘कुड’मधला कधीच नव्हता, तो शेजाऱ्यांचे बघून लावलेला. त्या चिठ्ठीवरच्या अंगठ्याचेही तेच. ‘थम’ या शब्दात जुन्या इंग्रजीत बी नव्हता, ‘लॅम’सारख्या शब्दांच्या संगतीने चिकटला. म्हणजे मूक बी तीन तऱ्हेचे : लॅममधला मेलेला, थममधला नकलाकार आणि डेटमधला पंडित.

वक्त्यांना एवढेच कळवा की ‘फॉल्ट’मधला एलही असाच पंडितांनी घातलेला होता, कुणी म्हणत नसे, पण पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर राहून राहून शेवटी तोंडात आला. ‘परफेक्ट’मधल्या सीचेही तसेच झाले. तेव्हा ‘डेब्ट’लाही उद्या चांगले दिवस येतील. माझ्या हयातीत नकोत. तोवर संघाच्या पुढच्या सभेत ‘रोखे फंड’ म्हणा, आजोबांनाही कळेल आणि तारखेशी घोटाळाही होणार नाही.