जवानाचं ओळखपत्र पाठवलंय, नोंदणीचे पैसे मागतोय: हा जुना आयफोन ऑनलाइन घेऊ का?

तुमचा प्रश्न असा: ओएलएक्सवर आयफोन 13 दिसला, किंमत 14,000. विक्रेता म्हणतो, मी लष्करात आहे, ड्यूटी पुणे विमानतळावर, बदली जम्मूला झाली. ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो त्याने पाठवलाय. फोन 'आर्मी पार्सल'ने नाशिकला घरपोच येईल, आधी नोंदणीचे 1,050 भरा म्हणतो. भरावेत का, आणि नाही तर जुना फोन घ्यायचा तरी कसा?

भरू नका. त्या जाहिरातीमागे फोनच नाही.

ही फसवणूक जुनी आहे आणि तिचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. ओळखपत्र बऱ्याचदा खऱ्याच कुणा जवानाचं असतं, फोटो चोरलेला. वर्दी दिसली की आपल्याला उलट प्रश्न विचारायला संकोच वाटतो, म्हणूनच तो फोटो येतो. पण कुणी विकलेला फोन लष्कर घरपोच करत नाही. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात. ती गेली की व्हॉट्सॲपवर पावती येते: वर तिरंगा, खाली गोल शिक्का, सोबत खाकी खोक्याचा फोटो आणि त्यावर मार्करने तुमचं नाव. मग 'पार्सल गेटवर अडवलंय, जीएसटीचे 3,150 भरा, फोन हातात पडला की परत मिळतील'. तेही भरले की 'सिस्टीमने रक्कम पकडली नाही, पुन्हा एकदा टाका, दोन्ही एकदम परत येतील'. माणूस इथे अडकतो. कारण तोवर विषय फोनचा राहिलेला नसतो, गेलेले पैसे सोडवायचा झालेला असतो. वस्तू विकणारा 'हे पैसे परत मिळतील' म्हणाला की बोलणं तिथंच तोडा.

जुना फोन घेताना माझा एकच आग्रह असतो: फोन समोर, तपासणी पूर्ण, मग पैसे. टोकन नाही, 'होल्ड करायला पाचशे' नाही, कुरियर नाही. कॅश ऑन डिलिव्हरीवरही विसंबू नका, खोकं उघडायच्या आधी पैसे द्यावे लागतात. नाशिकला राहत असाल तर नाशिकचाच विक्रेता शोधा.

जाण्याआधी घरबसल्या दोन गोष्टी होतात. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत दिसला तर विषय संपला. मग व्हिडिओ कॉल करून फोन सुरू करून दाखवायला सांगा. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, मेसेजवर द्यायला प्रामाणिक विक्रेताही कधी कधी नको म्हणतो आणि त्याचं बरोबरच आहे, तो नंबर भेटीत बघता येतो.

भेट शक्यतो विक्रेत्याच्या घरी, दिवसा, सोबत एक जण घेऊन. घर का, तर उद्या काही निघालं तर दार ठोठावायला पत्ता असतो. तो घरी बोलवायला तयार नसेल तर मॉल किंवा बँकेजवळची वर्दळीची जागा ठरवा, जिथे निवांत बसता येईल. तपासणीला पाऊण तास लागतो. स्वतःचं सिम, सिम ट्रे उघडायची पिन, चार्जर आणि हॉटस्पॉट देता येईल असा आपला फोन बरोबर ठेवा.

सगळ्यात आधी *#06# डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय दिसतात, दोन सिमच्या फोनला दोन. ते सेटिंग्जमधल्या, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरांशी आकडा न् आकडा जुळवा. आयफोन 13 च्या सिम ट्रेवरही तो बारीक अक्षरांत कोरलेला असतो. ट्रेवरचा वेगळा निघाला तर ट्रे किंवा अख्खी बॉडी बदललेली असू शकते. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम (KYM), एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस 14422 वर पाठवा, किंवा संचार साथी ॲपमध्ये नंबर टाका. या तपासणीमागे सरकारची सीईआयआर ही फोनच्या आयएमईआय नंबरांची नोंदवही आहे. 2019 साली तिची सुरुवात महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीत झाली, 2023 पासून ती देशभर आहे. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'ऑलरेडी इन यूज' आलं तर फोन टेबलावर ठेवा आणि निघा. मात्र उत्तर स्वच्छ आलं म्हणजे फोन चोरीचा नाहीच, असं नाही. मूळ मालकाने तक्रार अजून केलेली नसेल तर नोंद दिसणार नाही. म्हणून बिलाला पर्याय नाही.

आता सेटिंग्ज, जनरल, अबाउट. मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर बघा: एम म्हणजे नवा विकलेला, एफ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे बदलून दिलेला. त्याच पानावर 'पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी' दिसत असेल तर काहीतरी बदललंय. पुढे 'जेन्युइन' असेल तर हरकत नाही. 'अननोन पार्ट' असेल तर भाव तिथंच खाली आला पाहिजे. बॅटरी हेल्थ 80 टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा. सिमच्या खाचेत टॉर्च मारा. आत लाल ठिपका दिसला तर पाणी गेलेलं आहे. असा फोन आज चालतो आणि दोन महिन्यांनी बंद पडतो, मी तर स्वस्तातही घेणार नाही.

फोन रिसेट करणं ही सगळ्यात मोलाची पायरी आणि लोक नेमकी तीच सोडतात. विक्रेत्याला तुमच्यासमोर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' करायला लावा. फोन त्याचा ॲपल पासवर्ड मागेल, तो तिथल्या तिथं टाकता आला पाहिजे. 'पासवर्ड विसरलो, मुलाला विचारून संध्याकाळी कळवतो' ऐकलं तर पैसे खिशातच राहू द्या, कारण जुन्या मालकाचं खातं न काढलेला आयफोन तुमच्या हातात नुसती वीट आहे. रिसेटनंतर हॉटस्पॉट देऊन होम स्क्रीनपर्यंत फोन स्वतः सुरू करा. मध्ये 'आयफोन लॉक्ड टू ओनर' किंवा 'रिमोट मॅनेजमेंट' आलं तर व्यवहार नको. 'रिमोट मॅनेजमेंट'चा अर्थ असा की फोन बहुधा एखाद्या कंपनीच्या ताब्यातला आहे. याच वेळी आपला चेहरा फेस आयडीत नोंदवून बघा. मग सिम घालून एक कॉल, दोन्ही कॅमेरे, स्पीकर, चार्जिंग.

अँड्रॉइड असेल तर आधी गूगल खातं काढायला लावा, मग रिसेट. सॅमसंगवर *#0*# डायल केलं की स्क्रीनची चाचणी उघडते, त्यात रेघ किंवा डाग लपत नाही. अँड्रॉइडमध्ये हप्त्यावर घेतलेल्या फोनचाही धोका असतो: हप्ते थकले की फायनान्स कंपनी फोन दुरून लॉक करू शकते आणि ते लॉक रिसेटने जात नाही. बिलावर फायनान्सचा उल्लेख असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पैसे यूपीआयने द्या, रोख नको. पिन टाकण्याआधी ॲपमध्ये दिसणारं बँकेतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळवा. 'माझं लिमिट संपलंय, मित्राच्या खात्यावर टाका' याला नाही म्हणा. साध्या कागदावर विक्रीची पावती करा: दोघांची नावं-पत्ते, मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख, सह्या. सोबत मूळ बिल आणि विक्रेत्याचं मास्क केलेलं (पहिले आठ आकडे झाकलेलं) आधार. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसा संशय यायला कारण असूनही घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. निम्म्या भावात, बिलाशिवाय, रस्त्यावर घेतलेल्या फोनबाबत 'मला कल्पना नव्हती' हे सांगणं जड जातं.

आणि 1,050 आधीच गेले असतील तर त्या माणसाशी वाद घालत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात पांगायच्या आधी गोठवायचे असतात, त्यामुळे इथे मिनिटांना किंमत आहे. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि तिचा क्रमांक लिहून त्याच दिवशी आपल्या बँकेत अर्ज द्या, पोच घ्या. त्यानंतर 'सायबर सेलमधून बोलतोय, फी भरा, पैसे सोडवून देतो' असा फोन आला तर तोही फसवणुकीचाच समजा आणि तो नंबर त्याच तक्रारीत जोडा.