मुलीच्या एक्झोम रिपोर्टमध्ये (जनुकांच्या प्रथिनं बनवणाऱ्या भागांची तपासणी) डीएआरएस२ (DARS2) जनुकात एकच व्हेरियंट, म्हणजे बदल, आला आहे. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचा) आजार म्हणजे तो आईकडूनच आला का? आणि पुढे काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलीचा चालताना तोल जातो, पाय ताठरतात, एमआरआयमध्ये व्हाईट मॅटर (मेंदूतला चेतातंतूंचा पांढरा भाग) खराब दिसलं. एक्झोममध्ये डीएआरएस२ चा एकच व्हेरियंट सापडला, म्हणून लॅबने निदान अनिश्चित ठरवलं. आणि नातेवाईक आईला दोष देतायत.

हा दोष आधी पुसून टाका. आईकडूनच येतो तो मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए. तो अक्षरांच्या १६,५६९ जोड्यांचा असतो आणि त्यात ३७ जनुकं असतात: १३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची (प्रथिनाच्या बांधणीसाठी अमिनो आम्लं आणून देणारे रेणू), २ आरआरएनएची (प्रथिनं बांधणाऱ्या यंत्रणेचे भाग). डीएआरएस२ त्यांत नाहीच. ते पेशीच्या केंद्रकात, पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. त्याचं एन्झाइम पेशीद्रवात तयार होतं आणि मग मायटोकॉन्ड्रियात ओढून घेतलं जातं. म्हणजे एक प्रत आईची, एक वडिलांची. दोन्ही बिघडल्या तरच आजार होतो. दोघंही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाची एकच प्रत बिघडलेली असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के.

हे एन्झाइम अ‍ॅस्पार्टिक आम्ल त्याच्या ठरलेल्या टीआरएनएला जोडतं. आधी एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करून आम्ल सक्रिय करतं, मग टीआरएनएच्या टोकाला चिकटवतं. हा पुरवठा कमी पडला की वर सांगितलेल्या १३ प्रथिनांची बांधणी अडखळते, आणि ती सगळी ऊर्जानिर्मितीच्या साखळीतली आहेत.

आता रिपोर्ट. माझा भर इथेच आहे, कारण या जनुकात 'एकच व्हेरियंट सापडला' याचा अर्थ बऱ्याचदा 'दुसरा नीट शोधलाच नाही' असा असतो. डीएआरएस२ मुळे होणाऱ्या आजाराला एलबीएसएल (LBSL) म्हणतात; त्यात मेंदूचं व्हाईट मॅटर, मेंदूचा देठ आणि मज्जारज्जू बाधित होतात. त्याच्या बहुतेक रुग्णांत दोन प्रतींवर दोन वेगवेगळे बदल असतात, आणि त्यातला एक जवळजवळ नेहमी इन्ट्रॉन २ मध्ये (इन्ट्रॉन म्हणजे संदेशातून कापून टाकला जाणारा भाग), एक्झॉन ३ (एक्झॉन म्हणजे संदेशात राहणारा भाग) सुरू होण्याच्या साधारण वीस अक्षरं आधी असतो. तिथे डीएनएच्या सी आणि टी या अक्षरांची लांब रांग आहे. एक्झोमची गाळणी साधारणपणे एक्झॉनच्या कडेपासून थोडीच अक्षरं पाहते, त्यामुळे हा बदल यादीतून गळतो. त्यातच तो दोन टी जाऊन एक सी येणं अशा प्रकारचा असला, तर एकसारख्या अक्षरांच्या रांगेत सॉफ्टवेअरची जुळणीही चुकते.

या बदलामुळे एक्झॉन ३ बऱ्याचदा वगळला जातो, वाचनाची चौकट सरकते आणि प्रथिन अर्धवट राहतं. पण वगळणं शंभर टक्के नसतं. थोडा संदेश (आरएनए) नीट तयार होतो, थोडं चांगलं एन्झाइम मिळतं, आणि त्यावरच शरीर तग धरतं. चेतापेशींमध्ये एक्झॉन ३ जोडण्याचं काम मुळातच कमी कार्यक्षम आहे, त्यामुळे सगळ्या शरीरात असलेल्या जनुकाचा फटका मेंदू आणि मज्जारज्जूला का बसतो याचं मोठं उत्तर इथे आहे.

म्हणून लॅबला लेखी विचारा: 'डीएआरएस२, इन्ट्रॉन २, एक्झॉन ३ च्या आधीची तीस अक्षरं कच्च्या डेटात पाहिलीत का? तिथे पुरेसे रीड्स (त्या भागाची यंत्राने केलेली वाचनं) आहेत का?' नसतील तर तेवढ्या भागाचं सँगर सिक्वेन्सिंग (ठरावीक तुकडा थेट वाचण्याची पद्धत) करून घ्या, खर्च फार नसतो. दुसरा बदल सापडला की आईवडील दोघांचीही चाचणी करा. दोन्ही बदल एकाच पालकाकडून आले असतील तर ते एकाच प्रतीवर आहेत, आणि मग निदान उभं राहत नाही. एवढं करूनही शंका उरली तर आरएनए तपासून एक्झॉन ३ किती वगळला जातोय ते पाहता येतं, मात्र शेजारी निरोगी व्यक्तीचा नमुना हवाच.

एमआरआय पुन्हा वाचून घ्या, आणि फक्त मेंदूचा झाला असेल तर मानेच्या मज्जारज्जूचाही करा. एलबीएसएलमध्ये मेंदूचं व्हाईट मॅटर, मज्जारज्जूतले मागचे आणि बाजूचे पट्टे, आणि मेड्युलातले (मेंदूच्या देठाच्या खालच्या भागातले) पिरॅमिड हे हालचालींचे मार्ग किंवा मीडियल लेम्निस्कस हा संवेदनांचा मार्ग जिथे बाजू बदलतो ती जागा, असं ठरावीक चित्र दिसतं. निवडक मार्गच उजळतात, आजूबाजूचं शाबूत राहतं. हे चित्र अनुभवी न्यूरोरेडिओलॉजिस्टला सहज ओळखू येतं. २००३ मध्ये आजाराचं वर्णनही एमआरआयवरूनच झालं, जनुक २००७ मध्ये सापडलं.

रक्तातलं लॅक्टेट (ऊर्जानिर्मिती अडखळली की वाढणारा पदार्थ) नॉर्मल आलं म्हणून आजार नाही असं समजू नका. ते वाढलेलं सापडतं मेंदूच्या स्पेक्ट्रोस्कोपीत (एमआरआय यंत्रावर मेंदूतली रसायनं मोजणारी तपासणी), आणि तिथेही प्रत्येकात नाही. या निदानासाठी स्नायूची बायोप्सी करायची घाई नको. ऊर्जासाखळीची चाचणी नॉर्मल येऊ शकते आणि मुलीला उगाच त्रास होतो.

बरं करणारं औषध आज नाही. फिजिओथेरपी, ताठरपणावर औषधं आणि गरजेनुसार चालण्याचा आधार यांनी रोजचं जगणं खरंच सोपं होतं. आजार बहुधा हळू सरकतो. डोक्याला किरकोळ मार लागल्यावरही काही रुग्णांत ताप, ग्लानी आणि घसरण झाल्याची नोंद आहे, तेव्हा पडण्यापासून जपा आणि शाळेलाही हे सांगून ठेवा. पुढच्या गरोदरपणाचा विचार असेल तर दोन्ही बदल आधी पक्के करून घ्या. गर्भाची तपासणी त्यानंतरच भरवशाने करता येते.