घरी बिअर करायची तर सुरुवातीला कोणतं सामान घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच अमेरिकेत आलात, अपार्टमेंटमध्ये राहता, घरी बिअर करून बघायची आहे, पण तयार संचांच्या किमती आणि त्यातल्या वस्तूंची यादी बघून गोंधळ उडालाय. मी मिशिगनमध्ये बरीच वर्षं हा उद्योग करतोय. पहिल्या वर्षी हौसेनं घेतलेलं निम्मं सामान तळघरात धूळ खात पडलंय, म्हणून सांगतो.

कायद्याचं आधी. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक दिली. वर्षाला २०० गॅलन, घरात एकच प्रौढ असेल तर १०० गॅलन. विकायची मात्र नाही. सुट्टीत घरी गेल्यावर भावाला शिकवायच्या भानगडीत पडू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार हे परवान्याशिवाय करता येत नाही. (माझी आई अजून फोनवर विचारते, "हातभट्टी बंद केलीस का?" हातभट्टीत गाळतात, बिअर फक्त आंबवतात, हे तिला पटत नाही.)

आता सामान. सगळ्यात महत्त्वाची वस्तू दिसायला अगदीच सामान्य आहे: झाकणाची, खाद्यपदार्थांसाठी चालणारी साडेसहा गॅलनची, म्हणजे साधारण २५ लिटरची प्लास्टिकची बादली, आणि झाकणाच्या भोकात बसणारा एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी पाण्याची झडप. बिअर १९ लिटर करायची, वरची जागा फेसाला. काचेचा मोठा बुधला छान दिसतो, पण ओल्या हातातून निसटला तर टाके पडतात. बादलीच घ्या आणि तिला आतून तारेची घासणी कधीही लावू नका. ओरखड्यांत जंतू बसतात, ते मग निघत नाहीत.

दुसरं, स्टार सॅनसारखं निर्जंतुक करणारं द्रव. लिटरभर पाण्याला साधारण दीड मिली, धुवायची गरज नाही, फेस राहिला तरी चालतो. वर्ट, म्हणजे मॉल्टचं (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं) उकळलेलं गोड पाणी, थंड झाल्यावर ज्याला ज्याला लागणार ते सगळं यात बुडवून काढायचं. पण आधी वस्तू स्वच्छ घासलेली हवी. चिकटलेल्या घाणीवर हे औषध चालत नाही.

तिसरा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता आणि त्यावरून त्यातली साखर मोजणारी काचेची तरंगती नळी. यावर मी जरा लांबणार, कारण इथेच मी आपटलो. पहिल्या खेपेला तो "नंतर घेऊ" म्हणून टाळला. आठव्या दिवशी एअरलॉकमधले बुडबुडे थांबले, मी खूश होऊन बाटल्या भरल्या. साखर अजून पूर्ण आंबलेली नव्हती. दहा-बारा दिवसांनी रात्री कपाटात फटाफट आवाज. सकाळी बायकोच्या साड्यांना मॉल्टचा वास आणि जमिनीवर काचा. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नसतं. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं आकडा तोच आला तरच बाटल्या भरायच्या. सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१० आला, तर फरकाला १३१ नं गुणा: साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल. मोजायला काढलेली बिअर परत ओतू नका, पिऊन टाका.

पातेलं नवं घेऊ नका. घरात १५-२० लिटरचं स्टीलचं असेल तर झालं. मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (मॉल्टचा तयार पाक किंवा पूड) वापरलंत तर दहा लिटरच उकळायचं आणि नंतर बादलीत गार पाण्यानं १९ करायचं. अपार्टमेंटच्या शेगडीवर त्याहून जास्त धड उकळतही नाही. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, तसंच यीस्टचं. वीस अंश सेल्सिअसच्या आसपास आल्याशिवाय घालायचं नाही.

आंबतानाही तापमान सांभाळायला हवं. बादलीवर चिकटवायची तापमानपट्टी घ्या, स्वस्त असते. खोली उबदार असेल तर बादली पाण्याच्या टबात ठेवून तिला जुना ओला टी-शर्ट गुंडाळा. माठात पाणी गार होतं तीच युक्ती.

बाटल्या भरायला सायफन, नळीच्या टोकाला लावायची बाटली भरायची कांडी, पत्र्याचं बूच लावायचं दोन हातांचं यंत्र आणि ग्रॅमचा काटा. बाटलीत बिअरला फेस यावा म्हणून भरताना १९ लिटरला साधारण ११५ ग्रॅम साखर घालायची, वजन करूनच, चमच्यानं नव्हे. बाटल्या विकत घेऊ नका, मित्रांकडून रिकाम्या गोळा करा. तपकिरीच घ्या, कारण हिरव्या-पांढऱ्या काचेतून उजेड आत जाऊन हॉप्समुळे (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बिअरला घाणेरडा वास येतो. आट्यांच्या झाकणाच्याही नकोत, त्यांवर बूच नीट बसत नाही.

तांब्याची कूलिंग कॉइल, दुसरा फर्मेंटर (आंबवायचं भांडं), केग (बिअर साठवायचं धातूचं पिंप), धान्य दळायची चक्की: यातलं काहीही आत्ता नको. दुकानदार दुसरा फर्मेंटर आग्रहानं गळ्यात मारेल, पेल एल या साध्या, फिकट रंगाच्या बिअरला तो लागत नाही. एक गॅलनचा छोटा संचही मी सुचवणार नाही. मेहनत जवळपास तेवढीच आणि हाती बाटल्या दहा.

पहिल्यांदा एक्स्ट्रॅक्टची पेल एल करा, यीस्ट यूएस-०५ नावाचं सुकं. दोन आठवडे बादलीत, दोन बाटलीत. आणि बाटल्या साड्यांच्या कपाटात ठेवू नका.